आमच्या आगळाच्या नावावर दुसऱ्याचा ट्रेडमार्क अर्ज. काय करता येईल?

खळ्यातली_चिमणी

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते. हा विषय माझा नाही, पण गळ्याशी आलंय म्हणून लिहिते.

आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. परसात आणि मागच्या उतारावर मिळून तीसेक रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं. सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो) २००६ पासून आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सोलं (सुकवलेली कोकमं) विकतात. सुरुवातीला रिकाम्या बाटल्या आणायच्या, गरम पाण्याने धुवायच्या आणि वहीच्या कागदावर स्वतः नाव लिहून खळीने चिकटवायच्या. पुढे छापील लेबलं आली. आता मुंबई-पुण्याला कुरिअरनेही माल जातो.

नाव इथे लिहीत नाही, पण ते आमच्या घरामागच्या एका तुकड्याचं नाव आहे. वाडीबाहेर तो शब्द कोणाच्या तोंडात नाही. गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाईलवर दाखवलं: तेच नाव, 'कोकम सिरप', मुंबईची कोणी कंपनी. आमचं नाव शोधलं तर आधी त्यांची जाहिरात येते. त्याने सरकारी साइटवरही पाहिलं. त्यांचा अर्ज वर्ग ३२ मध्ये (सरबतं, पेयं वगैरे मालाचा वर्ग) आहे, ९ फेब्रुवारीच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलाय. 'वापर कधीपासून' या रकान्यात वापर प्रस्तावित आहे असं लिहिलंय.

आई म्हणतात, "नाव कोण कशाला चोरेल? झाड तर नाही ना नेलं?"

आम्ही नोंदणी कधी केली नाही. आता उशीर झाला का?

पुणेरी_शंकासुर

झालाच म्हणायचा. ज्याची नोंदणी त्याचं नाव. घरगुती धंद्याला एवढा कोर्टकचेरीचा खर्च परवडत नाही. नाव बदला आणि मोकळे व्हा.

अंटॉपहिलवारी

शंकासुर, थांबा जरा. ताई, यांचं ऐकून लेबलं बदलायला टाकू नका.

मी मूळचा राजापूरचा, मुंबईत ट्रेडमार्कचंच काम करतो. रजिस्ट्री, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीचं कार्यालय, अंटॉप हिलला आहे, म्हणून हे नाव घेतलंय.

सगळ्यात आधी तारीख. जर्नल दर सोमवारी निघतं. त्यात अर्ज छापला की चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. ९ फेब्रुवारीचं जर्नल असेल तर तुमच्याकडे ९ जूनपर्यंत वेळ आहे. ही मुदत वाढवून मिळत नाही, एक दिवसही नाही. शेवटच्या संध्याकाळी साइट बसते हे माझ्या केसांच्या रंगावरून सांगतो. म्हणजे १ जूनच्या आत उरका.

विरोधाचा फॉर्म टीएम-ओ. ऑनलाइन फी एका वर्गाला २,७००. वकिलाची फी वेगळी, पण ही काही घर विकायची गोष्ट नाही. आत्ता फक्त नोटीस द्यायची आहे. त्यात आक्षेप कशावर आणि आपला वापर कधीपासून ते लिहायचं. पुरावे प्रतिज्ञापत्रासोबत नंतर लागतात. त्यांना नोटीस पोचली की दोन महिन्यांत त्यांनी उत्तर द्यायचं. दिलं नाही तर त्यांचा अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. कित्येक अर्ज असेच मरतात, कारण नोटीस ईमेलने येते आणि ईमेल कोणी उघडत नाही. तुमचा स्वतःचा अर्ज कराल तेव्हा हे लक्षात ठेवा.

'ज्याची नोंदणी त्याचं नाव' हे अर्धसत्य आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ वाचा. समोरच्याच्या वापराच्या किंवा नोंदणीच्या तारखेआधीपासून, दोन्हींत जी आधीची असेल तिच्याही आधीपासून, जो सतत नाव वापरतोय त्याला नोंदणीवाला अडवू शकत नाही. इथे तर समोरचा स्वतःच लिहून देतोय की अर्जाच्या दिवशी त्याचा वापर शून्य होता.

तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याचा खटला आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. इरुट्टुकडई म्हणजे अंधारं दुकान. दुसऱ्या एकाने त्याच नावाला गावाचं नाव वगैरे जोडून हलवा विकायला घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीच्या हक्कापेक्षा वरचा. हलव्याला जे लागू तेच आगळाला.

पुणेरी_शंकासुर

मान्य, पण आमच्या पुण्यातलं बर्गर किंग घ्या. १९९२ पासूनचं दुकान. अमेरिकेच्या कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. तरी बारा-तेरा वर्षं खटला. पुण्याच्या कोर्टात २०२४ मध्ये दुकानवाला जिंकला, मग हायकोर्टाने अपिलात त्याला नाव वापरायला मनाई केली. यात परवडलं कोणाला?

अंटॉपहिलवारी

गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाच्या त्या आदेशाला स्थगिती दिली. बाकी वेळ लागतो हा तुमचा मुद्दा खराच आहे. म्हणून तर म्हणतोय, २,७०० मध्ये रजिस्ट्रीच्या दारात अडवता येतंय तोवर अडवा. नोंदणी झाल्यावर ती रद्द करायला वेगळा अर्ज करावा लागतो. त्याची अपिलं पूर्वी आयपीएबी नावाच्या मंडळाकडे जात, ते २०२१ मध्ये बंद झालं, आता हायकोर्ट.

ताई, आता खरं काम. पुरावा काय आहे? नुसतं २००६ म्हणून भागत नाही.

खळ्यातली_चिमणी

लग्नाआधी मी बँकेत होते, तरी आमच्या घरातले कागद बघून रडू आलं.

आईंची एक लांबट वही आहे, पाठीवर गणपतीचं चित्र. त्यात 'स्टँडवरचा टपरी ६ बाट.', 'कुडाळ मास्तर ३ बाट. १ उधार' असं आहे. पण त्यात आमचं नाव नाहीच! स्वतःच्या वहीत कोण स्वतःच्या मालाचं नाव लिहितं? २००६ ते २०१० च्या पावत्या पोटमाळ्यावर होत्या. कसरीने त्यांची जाळी केली आहे. २०१२ चं अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, पण ते आईंच्या नावावर, ब्रँडच्या नाही. २०१७ नंतरचं सगळं नीट आहे, जीएसटीमुळे.

आणि ताज्या लेबलाचा फोटो वकिलांना पाठवला होता तो इथेही देते, नाव झाकून.

अंटॉपहिलवारी

ताई, कोपऱ्यात तो गोल आर कसला?

खळ्यातली_चिमणी

तो २०१९ पासून आहे. सगळ्यांच्या बाटल्यांवर असतो ना?

अंटॉपहिलवारी

अरे देवा.

तो गोल आर फक्त नोंदणी झालेल्या नावालाच लावता येतो. नोंदणी नसताना लावला तर कलम १०७. पूर्वी यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. जनविश्वास कायद्याने १ ऑगस्ट २०२४ पासून हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. आता दंड आहे: उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा ५ लाख, जे कमी असेल ते. तुरुंग गेला, दंड राहिला. त्याहून वाईट म्हणजे समोरच्याचा वकील हाच फोटो लावून म्हणेल, 'बघा, या स्वतःच खोटं छापतात.'

आजपासून तो आर बंद. टीएम ही दोन अक्षरं लावा, त्यांना नोंदणी लागत नाही. शिल्लक लेबलांवरचाही काढा.

खिळेजुळारी

हा धागा दोन दिवस गुपचूप वाचत होतो. आता गप्प बसणं बरं नाही.

कुडाळला आमचा छापखाना आहे, वडिलांच्या वेळेपासून. दर दुसरं गिऱ्हाईक सांगतं, "त्या कोपऱ्यात गोल आर टाका, बरा दिसतो." आंबापोळी, काजू, मालवणी मसाला, खाजं, सगळ्यांना आर हवा. आम्हीही टाकतो. कायद्याने काय अर्थ होतो ते मला आज कळलं. ताई, तुमच्या लेबलाची ती वेलबुट्टी ओळखीची वाटते. तुमचा आर कदाचित मीच टाकलाय.

आंब्याच्या दिवसांत तर विचारूच नका. मार्चमध्ये एकजण गाडी घेऊन आला, दोन हजार पेट्यांवर 'देवगड हापूस' छापून हवं होतं. मी म्हटलं बाग कुठे? म्हणाला, "बाग कशाला, माल येतोय ना खालून." खालून म्हणजे कर्नाटकातून. आणि वर विचारतो, जुनी रद्दी आहे का इकडच्या पेपरांची, गवताबरोबर घालायला. नाही म्हटलं. दुसऱ्या कोणी छापून दिलंच असेल.

पेटीतला_आंबा

दिलंच असणार. वाशीच्या मार्केटला त्या पेट्या आम्ही दरवर्षी बघतो.

देवगडातून लिहितोय, चारशे कलमं आहेत. लोकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो: 'हापूस' हा कोणाचा ट्रेडमार्क नाही, तो जीआय आहे, भौगोलिक मानांकन. ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांसाठी. ट्रेडमार्क एकट्याचा असतो, विकता येतो, भाड्याने देता येतो. जीआय सगळ्या मुलखाचा, तो विकता येत नाही. आपण बागायतदारांनी त्यात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव घालायचं असतं. २०२० च्या नियमबदलात त्याची फी ५०० वरून १० रुपयांवर आणली. दहा रुपये! तरी माझ्याच वाडीत कितीजणांनी नाव घातलंय ते विचारू नका, मला लाज वाटेल.

आमच्या तालुक्याच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळाला वेगळ्या नंबरचा स्टिकर सुरू केला. नंबराचा अर्धा भाग वर दिसतो, अर्धा खाली दडलेला. स्टिकर सोलला की तो फाटतो, पुन्हा दुसऱ्या आंब्याला लावता येत नाही. गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खात्री करून घेऊ शकतं. पहिल्या वर्षी आमच्याकडे बायका वैतागल्या, एकेका आंब्याला चिकटवत बसायचं म्हणजे काय! पण एका मुंबईच्या गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की फोटो पाठवला आणि उत्तर आलं, तेव्हा बरं वाटलं.

वलसाडवाल्यांचाही हापूस नावाने जीआयचा अर्ज आहे, इकडच्या बागायतदारांनी त्याला विरोध केलाय. तो वेगळा वाद, इथे नको.

अंटॉपहिलवारी

छान लिहिलंत. जीआयचं अजून एक. कोल्हापुरी चपलांचं प्रकरण आठवतंय? २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानला तशा चपला दाखवल्या आणि इकडे आरडाओरडा झाला. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. कोर्ट म्हणालं, जीआयचे नोंदणीकृत मालक आहेत, त्यांनी यावं. तेव्हा दहा रुपये भरून यादीत नाव असणं ही शोभेची गोष्ट नाही, अधिकृत वापरकर्त्यालाही दाद मागता येते.

पुणेरी_शंकासुर

मग चिमणीताईंनी कोकमाच्या जीआयवर का जाऊ नये? सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमालाही आहे ना?

अंटॉपहिलवारी

आहे, २०१६ पासून. पण ते 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाला आहे. आईंच्या परसातल्या तुकड्याचं नाव त्यात कुठे येतं? समोरचा उद्या इथूनच रातांबे विकत घेईल आणि जीआयच्या बाजूने सोवळा राहील. दोन कुलुपं, दोन किल्ल्या.

उलट बाजूही सांगतो. तुमचं नाव 'कोकण आगळ' किंवा 'मालवणी चव' असतं तर मी एवढ्या जोरात बोललो नसतो. गावाची, मालाची, गुणाची नावं कोणा एकाला सहसा मिळत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोन व्हिस्कींचं भांडण होतं, ब्लेंडर्स प्राइड आणि लंडन प्राइड. पहिल्यांचं म्हणणं, प्राइड आमचा. न्यायालय म्हणालं, नाव अख्खं बघायचं, त्यातला एक सर्वसाधारण शब्द उपटून त्यावर मालकी सांगता येणार नाही. मनाई मिळाली नाही. माझ्याकडे 'मालवणी' शब्द घेऊन येणाऱ्या दर माणसाला मी आता हीच गोष्ट सांगतो. तुमच्या आईंनी बाजारात कोणाला न कळणारा शब्द उचलला, तो कोणा वकिलाने सुचवला नसता इतका चांगला आहे.

जाहिरातीचं: तुमचं नाव गूगलला कळशब्द म्हणून विकत घेऊन कोणी जाहिरात केली तर काय, यावर दिल्ली हायकोर्टाचा २०२३ चा निकाल आहे. तो वापर ट्रेडमार्कचाच वापर धरला जातो, पण गिऱ्हाइकाचा गोंधळ होत असेल तरच उल्लंघन. इथे तर नावच तेच आहे. त्या पानाचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

निस्त्याक

माका कायद्यातला काय कळणा नाय, पण आगळाचा कळता. ह्या 'कोकम सिरप' म्हणजे साखरेचा पाणी. आगळात साखर नसता, मीठ असता. दोन वेगळे वस्तू न्हय काय?

अंटॉपहिलवारी

निस्त्याक, प्रश्न लाखाचा आहे. ते हेच म्हणणार, 'आमचं गोड, त्यांचं खारट'. पण दोन्ही वर्ग ३२ चे, दोन्ही एकाच दुकानात एकाच फळीवर, दोन्ही पाण्यात घालून प्यायचे. गोंधळ व्हायला एवढं पुरतं. सोलांसाठी मात्र वेगळा वर्ग लागेल: सुकं फळ धरलं तर २९, मसाला धरला तर ३०. आंबापोळी २९. ताजे रातांबे विकत असाल तर ३१. स्वतःचा अर्ज टीएम-ए, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन ४,५०० प्रत्येक वर्गाला, नोंदणी दहा वर्षं. सगळे वर्ग एकदम भरू नका, जे विकता तेच.

पेटीतला_आंबा

विषयांतर: मध्यंतरी वाचलं की टायरला गुलाबाचा वास, त्याचा ट्रेडमार्क मान्य झाला. खरं का? मग हापूसच्या वासाचा का नाही?

अंटॉपहिलवारी

खरं आहे. जपानची सुमितोमो रबर, नोव्हेंबर २०२५, भारतातला पहिला वासाचा ट्रेडमार्क. अलाहाबादच्या ट्रिपल आयटीतल्या लोकांनी तो वास आलेखात मांडून दिला. पण टायरला गुलाबाचा वास येण्याचं काहीच कारण नसतं, म्हणून तो ओळख बनू शकतो. आंब्याला आंब्याचा वास येणारच. तुम्ही टायरला हापूसचा वास लावून या, मी अर्ज भरतो.

निस्त्याक

आणि सुकटीचो?

अंटॉपहिलवारी

त्याला विरोधाची नोटीस माझी बायको देईल.

खिळेजुळारी

ताई, सापडलं.

आमच्याकडे जॉब बुकं आहेत. वडील प्रत्येक कामाचा एक नमुना त्या पानाला टाचणीने लावून ठेवत, वर तारीख, संख्या, ॲडव्हान्स. रविवारी मुलाला घेऊन माळ्यावर बसलो. २००९ च्या बुकात, ४ एप्रिल, ५०० लेबलं, एकरंगी, १०० रुपये ॲडव्हान्स. लेबल तसंच आहे. टाचणीच्या गंजाचा डाग पडलाय, पण नाव स्वच्छ वाचता येतं. खाली 'कोकम आगळ' आणि तुमच्या वाडीचं नाव. गोल आर नाही. वडील असते तर टाकलाच नसता म्हणा.

एक भानगड आहे. त्यावर नावाच्या शेवटी अनुस्वार आहे, मालवणीत बोलतो तसा. तुमच्या आताच्या लेबलावर 'ए' आहे.

खळ्यातली_चिमणी

दादा, काय बोलू! आईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "अनुस्वारच बरोबर. तो 'ए' तुझ्या नवऱ्याने केला, मुंबईच्या लोकांना कळावं म्हणून."

अंटॉपहिलवारी

अनुस्वाराने बिघडत नाही, कानाला आणि डोळ्याला जवळजवळ तेच आहे. पण प्रतिज्ञापत्रात लपवू नका. २००९ मध्ये असं होतं, अमुक वर्षापासून असं, सरळ लिहा. खिळेजुळारी, ते पान फाडू नका. अख्खं बुक जपा, आणि तुम्हाला स्वतःचं एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल की हे रोजच्या कामातलं बुक आहे. तिऱ्हाइताचा असा कागद घरच्या वहीपेक्षा दहापट वजनाचा. ताई, त्या टपरीवाल्याला आणि कुडाळच्या मास्तरांनाही विचारा. उधारीची बाटली लोक विसरत नाहीत. २००६ ते २००९ चं त्यांच्या तोंडून येऊ दे.

पुढे कोर्टाची वेळ आलीच तर: नोंदणी हातात असली की उल्लंघनाचा दावा तुमच्या जिल्ह्यात, ओरोसला करता येतो. नुसत्या 'पासिंग ऑफ'ला, म्हणजे त्यांनी त्यांचा माल तुमचा म्हणून खपवला एवढ्याच तक्रारीला, ही सोय नाही. स्वतःचा अर्ज करायचं हे एक मोठं कारण. ओरोसहून वर जायचं झालं तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, पूर्वीसारखी मुंबई नाही.

खळ्यातली_चिमणी

सगळ्यांना सांगायचं म्हणून आले.

२९ मे ला नोटीस ऑनलाइन गेली, नंबर आला. स्वतःचा अर्जही केला, ३२ आणि २९, दोन वर्गांचे ९,०००. वापराची तारीख वकिलांनी ४ एप्रिल २००९ घ्यायला सांगितली, २००६ चे साक्षीदार मिळाले तरी. कागद आहे तिथपासून बोलायचं, म्हणाले. आईंना ते पटलेलं नाही. तीन वर्षं कुठे गेली, विचारतात. अर्ज केल्यापासून दोन अनोळखी ईमेल आले, 'तुमची नोंदणी पूर्ण करण्यासाठी फी भरा' म्हणून. वकील म्हणाले असले भुरटे येतातच, उत्तर देऊ नका. स्पॅमची पेटी रोज सकाळी उघडायचं काम आता भाच्याकडे.

खिळेजुळारीदादांनी दोन अक्षरांची छोटी टीएम स्टिकरं फुकट पाठवली. सध्या पडवीत तीनशे बाटल्या मांडल्यात. रातांबे फोडायचे सोडून आई दाढीच्या पत्तीने प्रत्येक लेबलावरचा गोल आर खरवडताहेत. लाल झालेल्या बोटांनी. पाऊस टेकलाय, सोलं अजून अर्धी ओली आहेत.

निस्त्याक

माका एक बाटली ठेव. आर खरवडूक नको, तशीच चलतली.

अंटॉपहिलवारी

खरवडूनच द्या.